गणवेशामागचे सत्य

रोमची यात्रा करून आलेल्या आपल्या बांधवांच्या घरी छायाचित्रांचा संग्रह उघडला, की त्यात एक चित्र हमखास असते : निळ्या, पिवळ्या व तांबड्या पट्ट्यांचा पोशाख घातलेला, हाती लांब दांड्याचे शस्त्र घेऊन निश्चल उभा असलेला स्विस गार्ड. चित्राबरोबर माहितीही मिळते, की हा गणवेश थोर कलावंत मायकेलअँजेलो याने बेतला. वाटाड्यांनी सांगितलेली आणि यात्रेकरूंनी घरोघर पोचवलेली ही कथा इतकी गोड आहे, की तिच्याविषयी शंका घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही. परंतु तिला पुरावा नाही. खरा इतिहास निराळा आहे आणि आमच्या मते तो या दंतकथेहून अधिक मोलाचा आहे.

जुने लष्करी गणवेश, बिल्ले व शस्त्रे जमवणारे हौशी लोक जगभर आहेत. मात्र जमवणे वेगळे आणि अभ्यासणे वेगळे. अभ्यासक वस्तूला साधेच प्रश्न विचारतो. कापड कोणते? शिवण हाताची की यंत्राची? चिन्ह कोणत्या घराण्याचे? त्या काळच्या चित्रांत असा पोशाख दिसतो काय? स्विस गार्डच्या गणवेशाला असे प्रश्न विचारणारा मनुष्य त्याच दलाचा प्रमुख होता, ही मोठी नवलाची गोष्ट आहे.

या दलाचा आरंभ पोप दुसरे जुलियस यांच्या काळातला. स्वित्झर्लंडचे पायदळ तेव्हा पराक्रमासाठी युरोपभर नावाजलेले होते. २२ जानेवारी १५०६ रोजी कास्पार फॉन सिलेनेन या कप्तानाच्या हाताखाली दीडशे स्विस सैनिक रोममध्ये दाखल झाले आणि पोपमहोदयांनी त्यांना आशीर्वाद दिला. पुढच्या चार शतकांत काळाच्या रीतीप्रमाणे त्यांचा पोशाख पालटत गेला.

१९१० साली कर्नल ज्यूल रेपाँ या दलाचे प्रमुख झाले. त्यांची शिस्त कडक होती. तिला कंटाळून १९१३ च्या जुलैत जवानांनी उघड बंड पुकारले. परंतु याच कठोर गृहस्थाने सोळाव्या शतकातील पोशाखांचा बारकाईने अभ्यास केला. व्हॅटिकनच्या राजवाड्यात राफाएलने रंगवलेली भित्तिचित्रे त्यांच्या कामी आली. नाना तऱ्हेच्या टोप्या त्यांनी बंद केल्या आणि हुद्दा दर्शवणारी साधी बेरेट टोपी आणली. गळ्याशी साधी पांढरी कॉलर दिली. उरस्त्राणाचाही अभ्यास करून ते नव्याने सिद्ध केले. १९१४ साली तयार झालेला हाच गणवेश आज आपण पाहतो. त्यातील निळा व पिवळा रंग जुलियस यांच्या देल्ला रोव्हेरे घराण्याचा आणि तांबडा मेदिची घराण्याचा मानला जातो. शिरस्त्राणावरील तुऱ्याच्या रंगावरूनही हुद्दा ओळखता येतो.

म्हणजे हा पोशाख जुना की नवा? शिवण नवी, परंतु त्यामागे जुन्या काळाचा शोध आहे. परंपरा म्हणजे न बदललेली वस्तू, असे आपण सहज समजतो. वास्तविक प्रत्येक पिढीने पूर्वजांचा नीट शोध घेऊन जे जपायचे ठरवले, ती परंपरा. २०१९ साली या दलाने नवी, वजनाला हलकी शिरस्त्राणे वापरात आणली. ती प्लास्टिकची आहेत. पण त्यांचा घाट सोळाव्या शतकातील एका शिरस्त्राणावरून यंत्राने मोजून घेतलेला आहे.

शस्त्रांचीही तीच कथा. भाला आणि परशू यांचा मिलाफ असलेले हॅलबर्ड जवानांच्या हाती आजही आहे. पोप सहावे पॉल यांनी १९७० साली व्हॅटिकनची इतर सशस्त्र दले विसर्जित केली. हे दल मात्र ठेवले. १३ मे १९८१ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर गोळीबार झाला. त्यानंतर जवानांच्या आधुनिक शस्त्रांच्या शिक्षणावर अधिक भर देण्यात आला.

रंगीत कापडाकडे पाहताना एक दिवस विसरता कामा नये. ६ मे १५२७ रोजी सम्राट पाचव्या चार्ल्सचे बेभान सैन्य रोममध्ये घुसले. १८९ स्विस जवानांपैकी १४७ जण त्या दिवशी धारातीर्थी पडले. त्यांचा प्रमुख कास्पार रोइस्ट हाही मारला गेला. उरलेल्या ४२ जणांनी पोप सातवे क्लेमेंट यांना तटावरील वाटेने सांत आंजेलोच्या किल्ल्यात सुखरूप पोचवले. म्हणूनच नवे जवान ६ मे या दिवशी शपथ घेतात.

या १४७ जणांच्या स्मृतीला थोर चित्रकाराच्या नावाची उसनी झळाळी नको. आपल्याही घरांतून कोणा आजोबांचे सैन्यातील पदक किंवा बिल्ला पेटीच्या तळाशी पडलेला असेल. तो पुसून काचेत ठेवणे चांगलेच. पण तो कोणत्या पलटणीचा, कोणत्या साली, कशासाठी मिळाला, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. मृतांचे स्मरण करणे हे आपले कर्तव्य आहे, आणि ते स्मरण खरे असावे, हाही त्याच कर्तव्याचा भाग आहे.