कंबरदुखी आणि हालचालीचा उपाय

कंबर धरली कीं आडवें व्हावें, ही समजूत घरोघर आढळते. आमच्या हिमायतनगराकडे कपाशी वेचतांना दिवसभर वांकणाऱ्या बायांनाही हाच सल्ला मिळे. पडून राहिल्यावर मजुरी कोण देणार, हें मात्र कोणी सांगत नसे.

हालचालीनेंच व्याधि हटवावी, हा विचार स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यानें शिस्तीनें मांडला व १८१३ सालीं स्टॉकहोम येथें व्यायामसंस्था काढली. आपल्या आखाड्यांतील वस्तादही लचक काढीत. पण लिहून ठेवण्याची संवय आपणांस कुठली! मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत या शास्त्राचें देशांतील पहिलें विद्यालय निघालें तें १९५२ सालीं, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें.

पुढें १९५६ मध्यें न्यूझीलंडांत मोठी मौज झाली. रॉबिन मॅकेंझी यांच्या दवाखान्यांत एक रोगी डोक्याकडून उंचावलेल्या टेबलावर चुकून पालथा निजला. कंबर मागें वांकलेली. ही स्थिति तेव्हां घातक समजत. मॅकेंझी थोड्या वेळानें येऊन पाहतात तों पायांतील वेदना नाहींशी झालेली! त्यांतून पालथें निजून हातांच्या जोरावर छाती उचलण्याची पद्धति रूढ झाली. आपलें भुजंगासन याहून फार दूर नाहीं. सर्वांस ती मानवतेच असें नाहीं; तपासूनच ठरवावें लागतें.

१९८६ सालीं अमेरिकेंत डॉ. रिचर्ड डेयो यांनीं कंबरदुखीच्या रोग्यांस दोन व सात दिवसांची विश्रांति देऊन तुलना केली. दोन दिवसवाले कामावर लवकर परतले, आणि बरे होण्यांत ते मागें राहिले नाहींत. जुनाट दुखण्यास जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं व्यायामाची शिफारस केली; कंबरपट्टा व वजनें लावून ताण देणें यांची मात्र केली नाहीं. पट्टे तरीही खपतातच.