एका ब्राउझरची सक्ती

बंगळूरमध्ये २००१ साली ‘लिनक्स बंगलोर’ ही परिषद सुरू झाली. २००५ पासून ती ‘फॉस डॉट इन’ या नावाने ओळखली गेली आणि २०१२ पर्यंत भरत राहिली. मुक्त संगणकप्रणालींवर काम करणारे देशभरातील तंत्रज्ञ तेथे एकत्र येत. त्याच काळात त्याच शहरातील अनेक कार्यालयांत हजेरी, रजा व प्रवासभत्त्याची अंतर्गत संकेतस्थळे मात्र फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चालत. दिवसभर लिनक्सवर काम करणाऱ्यालाही रजेचा अर्ज भरण्यासाठी विंडोजचा संगणक शोधावा लागे. हे का घडले, हे प्रशासनातील प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे.

मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये ‘ॲक्टिव्हएक्स’ हे तंत्र आणले. त्यामुळे संकेतस्थळाला वापरणाऱ्याच्या संगणकावर छोटा प्रोग्राम चालविता येई, पण तो विंडोजसाठीच लिहिलेला असे. २००१ मध्ये एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती आली आणि काही वर्षे दहापैकी नऊ वापरकर्ते हाच ब्राउझर वापरू लागले. पुढची आवृत्ती थेट २००६ मध्ये निघाली. सोलारिस व एचपी-यूएक्स या युनिक्स प्रणालींसाठी एक्स्प्लोरर काही काळ उपलब्ध होता. लिनक्ससाठी तो कधीच निघाला नाही. संकेतस्थळ बनविणारे एकाच ब्राउझरवर चाचणी घेत आणि काम स्वीकारणारे अधिकारीही तेवढ्यावर समाधान मानीत.

शासकीय कामात ही अडचण अधिक गंभीर झाली. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने डिजिटल स्वाक्षरीला मान्यता दिली. स्वाक्षरीची गुप्त किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते आणि संकेतस्थळाला तेथवर थेट पोहोचता येत नाही. म्हणून आधी ॲक्टिव्हएक्सचा व नंतर जावा ॲपलेटचा आधार घेतला गेला. कायद्याने कोणत्याही कंपनीचे नाव घेतले नव्हते. तरीही निविदा भरणाऱ्या नागरिकावर व्यवहारात विशिष्ट कंपनीची प्रणाली विकत घेण्याची सक्ती झाली.

परप्रांतातील मराठी वाचकाला याचा आणखी एक अनुभव आठवत असेल. त्या काळी मराठी वृत्तपत्रांची अनेक संकेतस्थळे स्वतंत्र सांकेतिक रचनेचे फाँट वापरीत. १९९७ पासून एक्स्प्लोरर असा फाँट आपोआप उतरवून घेई. लिनक्सवर मात्र तो हाताने बसवावा लागे, नाहीतर बातमीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसत. युनिकोडचा प्रसार झाला, तेव्हाच ही अडचण सुटली. येथेही उपाय नव्या ब्राउझरने नव्हे, तर समान मानकाने मिळाला, हे लक्षात घ्यावे.

लिनक्स वापरणाऱ्यांनी पळवाटा शोधल्या. कोणी ‘वाइन’द्वारे एक्स्प्लोरर चालवी, कोणी आभासी यंत्रात विंडोज ठेवी, तर कोणी फायरफॉक्सची ओळख बदलून संकेतस्थळाला एक्स्प्लोरर असल्याचे भासवी. शेवटचा उपाय संकेतस्थळ केवळ नाव तपासत असेल तेव्हाच उपयोगी पडे. ॲक्टिव्हएक्सपुढे तो निरुपयोगी होता.

केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. परंतु जुन्या संकेतस्थळांना खरा धक्का बाजारातून बसला. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये जावा ॲपलेट चालविणारी सोय काढून टाकली. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्स्प्लोररच निवृत्त केला. ज्या कार्यालयांनी ‘सर्वजण हेच वापरतात’ म्हणून एका उत्पादनावर विसंबून कामे उभारली होती, त्यांना ती पुन्हा करून घ्यावी लागली. दक्षिण कोरियात १९९९ पासून बँक व शासकीय व्यवहार ॲक्टिव्हएक्सभोवती उभे राहिले. तेथील प्रमाणपत्राचा विशेष कायदेशीर दर्जा संपण्यास डिसेंबर २०२० उजाडले.

निविदेचा मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्याने यातून एवढे घ्यावे: अटींत उत्पादनाचे नाव न लिहिता मानकाचे नाव लिहावे आणि देयक मंजूर करण्यापूर्वी किमान दोन ब्राउझरवर व एका लिनक्स संगणकावर चाचणी घ्यावी. या चाचणीला अर्धा दिवस पुरतो. ती टाळली, तर तिची किंमत नागरिक अनेक वर्षे मोजत राहतात, आणि ती शासनाच्या कोणत्याही हिशेबात दिसत नाही.