वाऱ्याच्या नळ्या

देवळांत इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आल्यापासून, जुनी पायपेटी आतां भंगारांत द्यावी, असें सुचविणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठीं, पायपेटीप्रमाणेंच भात्यावर चालणाऱ्या स्वयंवादक पियानोचा, व विशेषतः त्याच्या नळ्यांचा, अल्प वृत्तांत ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत आम्ही सादर करितों.

सन 1895 मध्यें अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं एडविन व्होटी यांनीं छिद्रें पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर चालणारें ‘पियानोला’ हें यंत्र सिद्ध केलें. प्रथम तें पियानोपुढें ठेवीत, व त्याचीं लांकडी बोटें पट्ट्या दाबीत. पुढें सारी रचना पियानोच्या पोटांतच बसविण्यांत आली. 1908 सालीं बफेलो येथें कारखानदारांनीं एकत्र येऊन 88 सुरांसाठीं 11¼ इंच रुंदीचा कागद व इंचास 9 छिद्रें, असें प्रमाण ठरविलें. 1920 नंतर या वाद्याचा मोठा उत्कर्ष झाला. परंतु रेडिओ, सुधारलेला ग्रामोफोन व 1929 चें आर्थिक संकट यांनीं त्याचा बाजार बसविला.

त्याचें कार्य असें चालतें. वादक पायांनीं भाते हलवून यंत्रांतील हवा शोषून घेतो. कागद धातूच्या एका पट्टीवरून सरकतो. तींत प्रत्येक सुरास एक छिद्र व प्रत्येक छिद्रास एक बारीक नळी असते. कागदांतील भोंक छिद्रावर आलें कीं बाहेरची हवा नळींतून आंत शिरते, चामड्याचा पातळ पडदा उचलते, झडप उघडते, आणि एक चिमुकला भाता मिटून हातोडीस चालना देतो. नळी दुमडली तर सूर मुका होतो. फुटली तर नको तेथें वाजतो.

या नळ्या कांहीं यंत्रांत रबराच्या, कांहींत शिशाच्या असत. रबर काळानें कडक होऊन तडकतें. शिसें लांकडांतून निघणाऱ्या आम्ल वाफांनीं झिजून त्याची पांढरी, विषारी भुकटी होते. म्हणून जुनें वाद्य पुन्हां बोलतें करावयाचें तर नळ्या बदलणें अटळ असतें. सर्व नळ्या एकदम उपटण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. तसें केल्यास कोणती नळी कोठें जात होती याची साक्षच नाहींशी होते, आणि कागदांत ‘सा’ असतां ‘म’ वाजतो. कुशल कारागीर एक नळी काढतो व तिच्याच जागीं तेवढ्याच आंतल्या व्यासाची नवी बसवितो; किंवा प्रत्येकीस क्रमांकाची चिठ्ठी बांधून ठेवितो. जोडाच्या तोंडावर वाळून बसलेली लाख तो हलक्या हातानें खरवडतो, वळणावर नळी दुमडूं देत नाहीं, आणि शेवटीं एकेक सूर वाजवून पाहतो.

रबर नवें आलें तरी पितळ, लांकूड व हातोड्या जुन्याच राहतात, आणि प्रत्येक छिद्राचें आपल्या सुराशीं असलेलें नातें अबाधित राहतें. वाद्याचा खरा ठेवा तोच होय. पायपेटीचा फाटका भाता दुरुस्तीस देतांना आम्ही कारागिरास हेंच सांगतों: फाटलें असेल तें अवश्य बदला, परंतु काढण्यापूर्वीं त्याची जागा लिहून ठेवा.