काळी माती आणि फादर बाखर

2016 च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला गेली. वाटेत ती मुरुड स्थानकावरून पुढे सरकली. 1911 साली लातूरपर्यंत पोहोचलेल्या बार्शी लाईटच्या काळापासून मुरुडने पुष्कळ गाड्या पाहिल्या. पाण्याची गाडी मात्र नवलाचीच. पुढे 2025 च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके बुडाली आणि कित्येक शिवारांतील माती खरडून गेली. तहान आणि पूर ही दोन दुखणी आपण वेगळी मानतो. परंतु उघड्या उतारावर पाणी थांबत नाही आणि मातीही थांबत नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे.

या संदर्भात 1972 च्या दुष्काळाचे स्मरण आम्हाला होते. त्याच वर्षी परभणीला कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळ पाटणचेरू येथे कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात एक स्विस येशूसंघीय धर्मगुरू दुष्काळग्रस्तांसाठी राबत होते. फादर हर्मन बाखर 1948 साली भारतात आले. केवळ विहिरी खोदून भागत नाही, विहिरीत पाणी येण्यासाठी आधी डोंगरमाथा बांधावा लागतो, या विचारावर त्यांनी आपले पुढील कार्य उभे केले. त्यातून नाबार्ड व जर्मन शासनाच्या साहाय्याने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम साकारला आणि 1993 साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी 'वॉटर' ही संस्था स्थापिली. माथा ते पायथा समपातळी चर, बांध, झाडी. आणि गावाने स्वतःहून पाळायची श्रमदान, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी ही पथ्ये. आमच्या मते चरांपेक्षा ही पथ्येच अवघड होती. फादर 2021 साली प्रभुचरणी विलीन झाले.

मुरुडच्या परिसरातील काळ्या जमिनीला आणखी एक खोड आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात चिकटून पाणी धरते आणि सोयाबीनची मुळे कुजवते. पाटणचेरूला अभ्यासलेली रुंद वरंबा-सरी पद्धत येथे उपयोगी पडते: वरंब्यावर पीक, सरीतून जादा पाण्याला वाट, आणि पावसाने ताण दिला तर त्याच सरीत मुरलेला ओलावा. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने 2018 पासून राबविलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने लातूर-नांदेडच्या निवडक गावांत या पद्धतीचा प्रसार केला. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेणे तर आपल्याकडे रूढच आहे. उसाविषयी मात्र कोणी बोलावयास धजत नाही!

'उत्पत्ती'च्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याला बाग मशागतीसाठी आणि राखणीसाठी सोपविली गेली. मशागत आम्ही उदंड केली. राखणीचा भार मात्र सर्वांवर सारखा पडत नाही. माथ्यावर चराईबंदी झाली की पहिली झळ दोन शेळ्यांवर संसार चालविणाऱ्या भूमिहीनाला बसते आणि विहिरीला वाढलेले पाणी पायथ्याच्या जमीनदाराला मिळते. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबे भूमिहीन आहेत. बंदी घालण्यापूर्वी त्यांच्या शेळ्यांचा चारा कोठून येणार, हे ग्रामसभेत ठरावयास हवे.