फटफटीचे घराणे

गाण्यात जशी घराणी असतात तशी ती फटफटीतही आहेत. एक कारखान्याचे घराणे आणि दुसरे परसदारचे. पहिल्याची थोरवी जाहिरातीत छापून येते, दुसऱ्याची शेजाऱ्यांच्या तक्रारीत. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. यंत्र म्हटले की मला नोटा मोजायचे यंत्र आठवते. तरीपण छातीठोकपणे सांगतो, की पहिले घराणे दुसऱ्याच्याच पोटी जन्माला आले.

पुरावा घ्या. १९४६ साली जपानमधल्या हामामात्सु गावी सोइचिरो होंडा नावाच्या लोहाराच्या मुलाला, लष्कराच्या वायरलेस संचाला वीज पुरवणारे एक छोटे इंजिन मिळाले. युद्ध संपलेले, आगगाड्यांना ही गर्दी. त्याने ते इंजिन सायकलला जोडले. पेट्रोलची टाकी कुठली? तर अंथरूण उबदार करायला घरात गरम पाण्याचे भांडे होते, तेच बसवले! मग ही फटफटी चाचणीसाठी कोणी चालवली? त्याच्या बायकोने. ही हकीकत मी आमच्या घरी वाचून दाखवली तेव्हा स्वयंपाकघरातून एवढेच आले, "आमची शेकायची पिशवी कुठंय, ते आधी बघते." होंडाने तसली पाचशेएक इंजिने मिळवून सायकलींना लावली, विकली, आणि १९४८ साली रीतसर कंपनी काढली.

त्याच १९४६ साली इटलीत व्हेस्पा जन्मली. तिचा जनक कोरादिनो दास्कानियो हा हेलिकॉप्टरवाला. त्याला मोटारसायकल मुळीच आवडत नसे! म्हणून त्याने इंजिन झाकले, पाय ठेवायला मोकळी जागा दिली आणि पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले. एखाद्या गोष्टीचा मनापासून तिटकारा असला की माणूस ती किती सुधारतो पाहा. (आमच्या साहेबांना माझा तिटकारा आहे, पण मी अजून आहे तसाच आहे.)

हीच व्हेस्पा पुढे आकुर्डीत आली. इटलीशी असलेला करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली चेतक अवतरली. किती स्कूटरी काढायच्या हे त्या काळी सरकारी परवान्यावर ठरे. त्यामुळे लोक नंबर लावून दहा-दहा वर्षे थांबत. साखरपुड्याला नंबर लावावा आणि मुलाच्या मुंजीच्या सुमारास गाडी यावी!

आता हा इतिहास मी का उकरला? तर आमच्या चिरंजीवांनी जुळे सोलापुरातल्या आमच्या गॅलरीत फवारणी पंपाचे जुने इंजिन आणून ठेवले म्हणून. म्हणाले, "बाबा, याची स्कूटर करू." अर्ज आला की पूर्वेतिहास तपासायचा, ही आमच्या बँकेची रीत. तपासला, तर तो सगळा अर्जदाराच्याच बाजूने निघाला! शेवटी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावले. त्याने इंजिन उचलून पाहिले. "ह्ये पळंल की ओ सायेब. पण थांबवनार कोन?" मी निकाल दिला : आधी ब्रेक, मग इंजिन, आणि गाडी फिरेल ती मागच्या मोकळ्या प्लॉटवर, डोक्यावर हेल्मेट घालून.

रस्त्यावर का नाही? कारण १९८८ चा मोटार वाहन कायदा. नोंदणीवाचून गाडी रस्त्यावर आणायची नाही, आणि नोंदणीसाठी तो नमुना मान्यताप्राप्त संस्थेच्या परीक्षेत पास व्हावा लागतो. आसरा चौकात दुसऱ्याचीही पोरे रस्ता ओलांडतात, तेव्हा कायदा चूक म्हणवत नाही. पण परीक्षा आहे ती कारखान्याच्या ऐपतीची. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातून, साठेक हजारांत, किक मारून सुरू होणारी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचे कौतुक केले. गाडी नियमांत बसत नाही, कधीतरी अडवली जाईल, हेही सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती मिळालीही. बापाचे भले झाले. तरी लोहारांच्या हातची जीप शेवटी प्रदर्शनासाठीच गेली, ही रुखरुख राहतेच.

त्याहून मोठी रुखरुख इचलकरंजीची. तिथल्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ साली 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवली. सुधारत सुधारत १९७० पर्यंत तिचे नमुने काढले. किंमत ठरवली होती बारा हजारांच्या आसपास. मीरा विक्रीला कधी आलीच नाही. म्हणजे इकडे लोक स्कूटरसाठी रांगेत, आणि तिकडे इचलकरंजीत तयार मोटार गिऱ्हाइकाची वाट पाहत! बँकेत आम्ही रोज येणे आणि देणे जुळवतो. ही दोन खाती शेजारी शेजारी असून कुणालाच कशी जुळवता आली नाहीत, हे कोडे मला वाणिज्याच्या पदवीनेही सुटत नाही.