‘लेटिंग यू गो’ म्हणजे सुट्टी नव्हे! इंग्रजीतले चालण्या-धावण्याचे वाक्प्रचार आणि त्यांचे खरे अर्थ

कंपनीचा मेल आता थेट मोबाईलवर येतो. तो शब्दाला शब्द लावून वाचला की घोळ होतो. चालणे, धावणे, जाणे यांवरचे इंग्रजी वाक्प्रचार तर हमखास फसवतात.

‘वी आर लेटिंग यू गो’ हेच बघा. वरवर वाटतं, जायला परवानगी मिळाली. खरा अर्थ आहे, तुम्हाला कामावरून काढलंय. असा मेल आला तर ‘थँक यू’ पाठवून मोकळं होऊ नका. शेवटचा दिवस कोणता, राहिलेला पगार कधी, अनुभवाचा दाखला मिळणार का, हे लेखी विचारा. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा आणि पीएफचा यूएएन नंबर जपून ठेवा.

मुलाखतीनंतरचं दुसरं वाक्य: ‘वी आर मूव्हिंग फॉरवर्ड विथ अदर कँडिडेट्स’. ‘फॉरवर्ड’ दिसलं म्हणून पेढे आणू नका. दुसऱ्यांना पुढे घेतलं, तुमची निवड झाली नाही, असा त्याचा अर्थ. मात्र ‘मूव्हिंग फॉरवर्ड विथ युअर ॲप्लिकेशन’ असेल तर तुमचा अर्ज पुढच्या टप्प्यात गेलाय.

‘पुलिंग युअर लेग’ हाही फसवा. आपल्याकडे पाय ओढणे म्हणजे वर जाणाऱ्याला खाली खेचणे. इंग्रजीत मात्र ती नुसती थट्टा. त्यामुळे साहेब असं म्हणाले तर राग धरू नका, चेष्टा चाललीय.

‘ड्रॅगिंग फीट’ म्हणजे आपली चालढकल. आणि ‘गिव्हिंग द रनअराउंड’ म्हणजे हेलपाटे मारायला लावणे. आज साहेब नाहीत, उद्या या, त्या टेबलावर विचारा! याचा अर्थ तालुक्याला जाणाऱ्या माणसाला वेगळा सांगायला नको.

‘जंप द गन’ शर्यतीतून आला. पिस्तुलाचा बार व्हायच्या आधीच पळत सुटणे, म्हणजे उतावीळपणा. गुडघ्याला बाशिंग म्हणा ना. ‘जंप ऑन द बँडवॅगन’ अमेरिकेतला. बँडवॅगन म्हणजे मिरवणुकीत वाजंत्री बसवलेली गाडी. जिकडे गर्दी तिकडे उडी मारणाऱ्याला हे लागू पडतं. शेजाऱ्याला भाव मिळाला म्हणून सगळ्या शिवारानं तेच पीक लावलं, तर तेही हेच.

‘कट कॉर्नर्स’ म्हणजे पैसा नाहीतर वेळ वाचवायला काम कच्चं करणे. ‘मूव्ह द गोलपोस्ट’ म्हणजे खेळ सुरू असताना नियम बदलणे. ‘हिट द रोड’मध्ये मारामारी नाही, फक्त प्रवासाला निघणे. ‘कोल्ड फीट’ म्हणजे ऐनवेळी कच खाणे.

‘स्टेप डाऊन’ म्हणजे पद सोडणे. ‘रन फॉर ऑफिस’ म्हणजे निवडणुकीला उभं राहणे. आपण उभे राहतो, ते धावतात!

स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेत आणि एमपीएससीच्या भाषेच्या पेपरात वाक्प्रचारांवर प्रश्न येतात. पाठ करताना प्रत्येकासमोर आपला मराठी वाक्प्रचार लिहा. जिथे दोन्ही भाषांत शब्द सारखे पण अर्थ वेगळा, तिथे लाल पेनाने खूण करा. पर्यायात नेमका तोच चुकीचा अर्थ दिलेला असू शकतो.