पॅरिसची दहा वर्षे, आल्तिनोची दहा वर्षे

गोमंतकीय कलावंतांचा विषय निघाला की आपण मराठी माणसे लगेच गाण्यावर येतो. केसरबाई, मोगूबाई, दीनानाथ मंगेशकर ही नावे पेडण्यातल्या नाटकवाल्यापासून डिचोलीच्या बाजारातल्या दुकानदारापर्यंत कोणीही सांगेल. चित्रकाराचे नाव विचारले की मात्र बोलणे अडते. फार तर दलालांचे नाव निघते, तेही दिवाळी अंकांमुळे. लक्ष्मण पै यांना २०१८ साली पद्मभूषण मिळाले तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी बातमी वाचली, अभिमान वाटून घेतला आणि पान उलटले.

पै यांचा जन्म २१ जानेवारी १९२६ चा, मडगावचा. मामांचा तिथे माऊझो फोटो स्टुडिओ होता. रंगीत फोटोंचा काळ अजून यायचा होता. काळ्या-पांढऱ्या फोटोंवर हाताने रंग भरावे लागत. ते काम पोरवयात त्यांच्या हाती आले. गालावर किती लाली द्यायची, शालूची किनार कुठे संपवायची, हे त्यांनी गिऱ्हाइकांच्या फोटोंवर शिकून घेतले. पुढे १९४३ ते १९४७ मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, आणि बाहेर पडताना मेयो पदक. गोव्याच्या मुक्तीसाठी त्यांनी सत्याग्रहही केला, त्यासाठी पोर्तुगीज पोलिसांची अटकही सोसली.

१९५१ मध्ये ते पॅरिसला गेले आणि दहा वर्षे राहिले. तिथल्या एकोल दे बोझार या कलाशाळेत त्यांनी भित्तिचित्र आणि एचिंग यांचे शिक्षण घेतले. युरोपातले भित्तिचित्र म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावायचा, चुना सुकता सुकता तो रंग आत धरून ठेवतो. वाचकांना इथे आपली कावी आठवेल. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात किंवा अडवलपालच्या शांतादुर्गेच्या देवळात भिंतीवर लाल-पांढरी चित्रे आहेत ना, तीच. ओल्या चुन्यावर काव चढवायची आणि टोकदार हत्याराने ती खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. युरोपात कुंचल्याने रंग भरतात, आपल्याकडे रंग काढून चित्र उमटवतात. पै यांनी कावीवरून काही घेतले असा माझा दावा नाही. पण दोन्हीकडे ओल्या चुन्यावरचे काम, आणि एकदा ओढलेली रेघ पुसता येत नाही, एवढे मात्र खरे.

आणि पै हे रेघेचेच चित्रकार. पॅरिसमध्ये त्यांनी क्ले पाहिला, मिरो पाहिला, शागाल पाहिला, इजिप्तची शिल्पे पाहिली. एवढे पाहून काढले काय? गीतगोविंद, रामायण, बुद्धाचे जीवन! बाजूने दिसणारे चेहरे, मोठे डोळे, सपाट रंग आणि सगळ्याला बांधून ठेवणारी लवचिक रेषा. परदेशात राहून तिथल्यासारखे होण्याची हौस त्यांना नव्हती, किंवा असली तरी चित्रात ती दिसत नाही. पुढे त्यांनी रागांवर चित्रमालिका केली. स्वतः सतार आणि बासरी वाजवीत, गातही. म्हणजे आपण ज्या गाण्याच्या नादात चित्रकाराला विसरलो, त्याच गाण्याचा हा माणूस!

त्या पिढीतले बाकीचे पाहा. सालिगावचा सूझा १९४९ मध्ये लंडनला गेला, पुढे न्यूयॉर्कचा झाला. रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले ते कायमचे भारतात परतले साठ वर्षांनी. पै १९६१ मध्ये परतले. ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना तीनदा मिळाला, १९६१, १९६३ आणि १९७२ साली. बाकी पुरस्कारांची यादी सोडून देतो.

मला सांगायचे आहे ते पुढचे. १९७७ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी पणजीला आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्यपद घेतले आणि १९८७ पर्यंत सांभाळले. पॅरिसची दहा वर्षे सगळे लेखक रंगवून सांगतात. आल्तिनोची दहा वर्षे एका ओळीत आटोपतात. मी कारकून माणूस, मला ती ओळ छोटी वाटत नाही. प्राचार्य म्हणजे वेतनबिले, हजेरीपट, मंजुऱ्या, खरेदीची दरपत्रके, वर गेलेली फाईल खाली येईपर्यंतची वाट. हात चांगला चालत असताना चित्रकाराने दहा वर्षे या टेबलाजवळ बसायचे हा केवढा खर्च, याची कल्पना कचेरीत बसणाऱ्यालाच येते.

हे महाविद्यालय १९७२ चे. त्याआधी पेडण्यातल्या, डिचोलीतल्या मुलाने गणपतीच्या चित्रशाळेत चिकणमाती मळली किंवा दशावताराचे पडदे रंगवले तरी पुढची वाट मुंबईचीच होती, आणि ती परवडणारी घरे मोजकी. महाविद्यालय निघाल्यावर बसने जाऊन शिकता येऊ लागले. तरी बापाचा प्रश्न उरलाच: चित्रे काढून पोट भरते काय? त्या प्रश्नाला शब्दांनी उत्तर देता येत नाही. पण पॅरिसमध्ये प्रदर्शने भरवून आलेला, आपल्याच मडगावचा माणूस प्राचार्याच्या खुर्चीत दिसला की बाप थोडा गप्प होत असेल, असे मला वाटते. पदावर असतानाच, १९८५ मध्ये, त्यांना पद्मश्री मिळाली.

निवृत्तीनंतरही त्यांनी कुंचला खाली ठेवला नाही. पुढे राज्याने गोमंत विभूषण दिले. १४ मार्च २०२१ रोजी दोनापावला येथे ते वारले, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी.